एवढं चांगलं नाव, मग ते मोडता का?

मी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. ज्यांची मातृभाषा दुसरी आहे, पण नोकरीमुळे, लग्नामुळे किंवा निव्वळ आवडीमुळे जे मराठीत येऊन पडले आहेत, अशांचा वर्ग असतो. पहिल्या महिन्यातले प्रश्न ठरलेले. 'ळ' म्हणताना जीभ कुठे लावायची, टेबल नपुंसकलिंगी का, 'आपण' आणि 'आम्ही' यांत फरक काय. दुसऱ्या महिन्यात कानांवर जरा मराठी पडायला लागली की कुणीतरी तो प्रश्न विचारतंच. गेल्या खेपेला मीनाक्षीनं विचारला. तिच्या ऑफिसात प्रसाद नावाचे एक वरिष्ठ अधिकारी आहेत, सगळे त्यांना वचकून असतात. एक दिवस त्यांचा जुना मित्र आला आणि दारातूनच ओरडला, "ए पश्या, आहेस का?" साहेब चिडतील म्हणून हिनं मान खाली घातली, तर साहेब खुर्ची मागे सारून हसत बाहेर गेले. मीनाक्षीनं शब्दकोशात 'पश्या' शोधला. मिळाला नाही. मग वर्गात विचारलं, "बाई, प्रसाद हा इतका सुंदर शब्द. आईवडिलांनी विचार करून ठेवलेलं नाव. ते असं मोडून का टाकता? हा अपमान नाही का?"

या प्रश्नाचं उत्तर मी वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यानं देत आले. थोडं सांगून होतं तोवर तास संपतो आणि महत्त्वाचं राहून जातं. आज ते सलग सांगते.

आधी ते 'मोडणं' बघू. मी फळ्यावर दोन रांगा करते. डावीकडे प्रकाश, सुरेश, रमेश, विनायक, गणेश, प्रमोद, प्रसाद, वसंत. उजवीकडे पक्या, सुऱ्या, रम्या, विन्या, गण्या, पम्या, पश्या, वश्या. नियम मी सांगत नाही, तुम्ही शोधा म्हणते. पाच मिनिटांत निम्मा वर्ग शोधतो. नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं, दुसऱ्या अक्षरातलं व्यंजन घ्यायचं, पुढचं सगळं सोडायचं आणि 'या' लावायचा. सुरुवातीच्या जोडाक्षरात 'र' असेल तर तो बहुधा गळतो, म्हणून प्रकाशचा पक्या. 'या'च्या आधी 'स' आला तर त्याचा 'श' होतो, म्हणून प्रसादचा पश्या आणि वसंतचा वश्या. मग मी एक नवं नाव टाकते, नितीन, आणि सगळे एका सुरात "नित्या" म्हणतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसतं. मोडतोड म्हटली की ती वाटेल तशी व्हायला हवी. ही तर बिनचूक एकाच जागी तुटते.

इथे मी पाणिनीकडे वळते, कारण मला स्वतःला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात, तिसऱ्या पादात, लाडानं घेतलेल्या नावांची सूत्रं आहेत. दोनपेक्षा जास्त स्वरांचं माणसाचं नाव असेल आणि त्या माणसाविषयी मायेनं बोलायचं असेल, तर दुसऱ्या स्वराच्या पुढचं सगळं गाळायचं आणि ठरावीक प्रत्यय लावायचा. देवदत्ताचा मग देविक होतो, देविय होतो, देविल होतो. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी 'देवदत्त' असं नाव विचार करून ठेवलं होतं आणि घरचे त्याला 'देविल' म्हणत होते. आणि एका व्याकरणकारानं कान देऊन ऐकलं, की नाव कुठे तुटतंय. प्रकाशचा पक्या करताना आपण जिथे कात्री लावतो, तीच ती जागा. देविलचा प्रत्यय पक्याला लागला असं मी म्हणत नाही. कान तोच आहे, एवढंच मला दिसतं.

याच पादात आणखी एक गोष्ट आहे आणि मीनाक्षीच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे. संस्कृतात नामाला 'क' लागतो. तो कधी लागतो याची पाणिनी यादी देतो, त्यात एक सूत्र आहे 'कुत्सिते', म्हणजे तुच्छतेनं बोलायचं असेल तेव्हा. एक सूत्र सोडून लगेच येतं 'अनुकम्पायाम्', मायेनं बोलायचं असेल तेव्हा. थोडं पुढे 'अल्पे', थोडकं असेल तेव्हा, आणि 'ह्रस्वे', आखूड असेल तेव्हा. चारही ठिकाणी प्रत्यय तोच. 'अश्वक' म्हणजे भिकार घोडा आणि 'पुत्रक' म्हणजे लाडका लेक. तुच्छता आणि माया एकाच 'क'मध्ये शेजारी शेजारी राहतात आणि कुणाची पाळी आहे हे तो 'क' सांगत नाही.

मराठीतही हेच आहे. रोपाचं रोपटं होतं तेव्हा आपण त्याला जपून पाणी घालतो. पोराचं पोरटं होतं तेव्हा त्याच्या पाठीत धपाटा बसतो. प्रत्यय एकच. 'पोरगं' तर दोन्हीकडे चालतं. "एवढंसं पोरगं, पण काय धीराचं!" आणि "कालचं पोरगं, मला शिकवतंय!" ऐकणाऱ्याला फरक कळतो, अक्षरांत तो कुठेच नाही.

मराठीत लहान करायच्या वाटा खूप आहेत. एक वाट लिंग बदलण्याची. दोर पुल्लिंगी आणि जाड, दोरी स्त्रीलिंगी आणि बारीक. हंडा-हंडी, विळा-विळी, डबा-डबी. दुसरी वाट 'उला', 'उली', 'उकलं' या शेपटांची. सानुला, छकुली, तान्हुलं, चिमुकलं, पिटुकलं. मुली जी भातुकली खेळतात ती भाताची धाकटी बहीण. शिवाय 'एवढं'चं एवढुसं आणि 'इवलं'चं इवलुसं होतं, तिथे तर शब्द म्हणताना ओठसुद्धा लहान होतात. माझ्या वर्गातल्या लोकांना ही शेपटं फार आवडतात. ते कशालाही लावत सुटतात आणि मी त्यांना अडवत नाही.

पण मला सर्वांत जवळची वाट नपुंसकलिंगाची आहे. बाहेरून आलेल्या माणसाला ती समजावणं कठीण जातं, कारण नपुंसकलिंग निर्जीव वस्तूंसाठी असतं असं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. मराठी आई मुलाला "आला" म्हणते, मुलीला "आली" म्हणते, आणि ऊर भरून आला की दोघांनाही "आलं" म्हणते. "आलं गं माझं ते." या वाक्यात नाव नाही, मुलगा की मुलगी याचा पत्ता नाही. 'सोनं', 'बाळ', 'लेकरू' यांतला एखादा शब्द मनातल्या मनात गृहीत धरलेला असतो आणि क्रियापद त्याच्यामागून जातं. "दमलं का?" "रुसलं वाटतं." "शहाणं ते." जन्माला आल्यावर आधी मूल असतं, मुलगा-मुलगी नंतर होतात. नपुंसकलिंगानं आई त्याला परत तिथे नेऊन ठेवते. जर्मन भाषेतही असंच घडतं. तिथे नामाला 'शेन' हा लाडाचा प्रत्यय लागला की ते नाम नपुंसकलिंगी होतं, आणि म्हणून 'मुलगी' या अर्थाचा 'मेडशेन' हा रोजचा शब्दसुद्धा नपुंसकलिंगी आहे. जर्मन शिकणारे यावर वैतागतात. मराठी माणसानं वैतागू नये.

आपल्या संतांनी तर या लहान करण्यात देवालाही सोडलं नाही. विठ्ठलाचा विठू झाला, विठोबा झाला, विठाई झाला. स्वतःच्या नावांचंही तेच. तुकाराम अभंगाच्या शेवटी 'तुका' म्हणून येतात, नामदेव 'नामा' म्हणून, जनाबाई 'जनी' म्हणून. देवापुढे उभं राहताना आईनं मारायची ती हाक त्यांनी स्वतःला मारली. मग लोकांनी तिला 'बा' जोडून तुकोबा आणि ज्ञानोबा केलं. आता त्यात जवळीकही आहे आणि पाया पडणंही आहे. 'माउली' हा शब्दही ऐकून बघा. 'माय'ला मायेचं शेपूट लागलेला शब्द, आणि आज त्याहून मोठी हाक मराठीत मला दुसरी दिसत नाही.

घरातलं नाव कधी कधी बाहेरच्या नावावर मातही करतं. टिळकांचं जन्मनाव केशव. घरात 'बाळ' म्हणत, ते इतकं चिकटलं की इतिहासात बाळ गंगाधर टिळक राहिले. बाळाजी जनार्दन भानू म्हटलं तर किती जणांना कळेल? नाना फडणवीस म्हटलं की सगळ्यांना कळतं. झाशीच्या राणीचं लहानपणचं नाव मणिकर्णिका, हाक मारायचे मनू. ही यादी लांबवता येईल, पण मीनाक्षी जे विचारत होती ते यात सापडत नाही. तिला म्हणायचं होतं, तो मित्र पश्या म्हणाला ते चाललं. मी म्हटलं असतं तर?

याचं उत्तर मला माझ्या वडिलांच्या आजारपणात मिळालं.

वडील तेव्हा ७९ वर्षांचे होते. कडक माणूस. आयुष्यभर लोकांनी त्यांना 'अहो' म्हटलेलं, आम्ही मुलंही 'अहो बाबा' म्हणून वाढलो. रुग्णालयात दुसऱ्या दिवशी एक मदतनीस बाई औषध पाजायला आली. तिनं चमचा पुढे केला आणि म्हणाली, "आमचं शहाणं बाळ ना? आऽऽ करा बघू." वडिलांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ती पुन्हा म्हणाली, "रुसलं का आमचं बाळ?" त्यांचा चादरीवरचा हात आवळला गेला. मला आधी तिचा राग आला. मग तिचे सुजलेले पाय दिसले. सकाळपासून ती अशा किती जणांना औषध पाजत आली होती आणि तिच्या आवाजात खोट काही नव्हती. मी तिला बाहेर नेऊन हळूच सांगितलं, त्यांना वसंतराव म्हणा. तिनं लगेच ऐकलं. "वसंतराव, औषध घेता ना?" त्यांनी तोंड उघडलं, औषध घेतलं. डोळे मात्र मिटलेलेच होते. बोलणं तर आदल्या दिवसापासून बंद होतं.

तिसऱ्या दिवशी आत्या आली. वडिलांहून पाच वर्षांनी मोठी, म्हणजे ८४ वर्षांची. तिला दोघांनी धरून आणलं. ती पलंगाशेजारी बसली, श्वास लागला होता म्हणून थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "वश्या, औषध घेत नाहीस म्हणे?"

वडिलांनी डोळे उघडले. "आक्के," म्हणाले.

मी पन्नाशीची झाले होते आणि हे दोन्ही शब्द मी इतक्या जवळून कधी ऐकले नव्हते. वडील घरात तिच्याविषयी बोलायचे तेव्हा 'आक्का' म्हणायचे. 'आक्के' ही आठ वर्षांच्या मुलाची हाक होती. आत्यानं माझ्या हातातला चमचा घेतला. तिचा हात थरथरत होता, थोडं औषध त्यांच्या हनुवटीवर सांडलं. ते तिनं पदरानं टिपलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दमलं गं माझं लेकरू." ७९ वर्षांच्या माणसाला. मदतनीस बाईनं केलं तेच लिंग, तेच लहान करणं, जवळपास तेच शब्द. वडील शांतपणे तोंड उघडून पडून होते.

त्या बाईचे शब्द चुकीचे नव्हते. तिनं ते उचलले होते आणि आत्याचे साठवलेले होते. लाडाचं नाव दोन माणसांमध्ये वर्षं घालून तयार होतं आणि त्या दोघांच्याच मालकीचं असतं. तिसऱ्यानं ते उचललं की आत काहीच नसतं, उरतं फक्त लहान करणं. पाणिनीनं एका सूत्राच्या अंतरावर ठेवलेला 'कुत्सिते' मग कानावर येतो, बोलणाऱ्याच्या मनात असो वा नसो. म्हातारी माणसं, आजारी माणसं, परावलंबी माणसं यांच्याशी अनोळखी लोक सर्रास बाळबोलीत बोलतात. त्यांचा हेतू चांगला असतो हे मान्य करूनही मला वाटतं, की हे थांबायला हवं. ज्याची हालचाल गेली, ज्याला भरवावं लागतं, त्याच्याकडे स्वतःचं असं नावच उरलेलं असतं. ते पूर्ण घ्यावं.

रोमचा सम्राट गायस यालाही हे कळलं असणार. तो लहान असताना वडिलांबरोबर लष्करी छावणीत राहायचा. अंगावर सैनिकाचा छोटासा वेश, पायांत छोटे जोडे. सैनिकांनी त्याला नाव ठेवलं कॅलिगुला, म्हणजे छोटासा लष्करी जोडा. तिथला 'उला' आपल्या कानाला किती ओळखीचा वाटतो! सिंहासनावर बसल्यावर त्याला त्या नावानं हाक मारणं तो अपमान समजे. इतिहासानं मात्र त्याला दुसरं नाव ठेवलंच नाही.

काही नावं लाडाची म्हणून चालतात आणि ती लाडाची नसतात. शाळेत आमच्या वर्गात एक मुलगी होती, अंगानं जाड. सगळे तिला 'ढब्बे' म्हणायचे, मीही म्हणायचे. ती हसून ओ द्यायची, त्यामुळे आम्हाला ते प्रेमच वाटायचं. पस्तीस वर्षांनी एका लग्नात ती दिसली आणि माझ्या तोंडून आपसूक तेच निघालं. ती थांबली. हसली. मग तिनं मला हाक मारली ती माझं नाव पूर्ण उच्चारून, एकेक अक्षर स्वच्छ म्हणत. मी तिथेच तिची माफी मागितली. ती "अगं जाऊ दे" म्हणाली, पण तिनं ते नाकारलं नाही. तेव्हापासून माझ्यापुरता मी एक फरक धरून ठेवला आहे. नाव माणसाच्या नावातून निघालेलं असेल, किंवा बाळ, सोनू, राजा असं मिठीतून निघालेलं असेल, तर ते बहुतेक वेळा लाडाचं असतं. काळू, बुटकी, चष्मिस, ढब्बू ही नावं माणसाकडे बघून निघालेली असतात. ती घेणाऱ्याला लाडाची वाटतात, ज्याची असतात त्याला विचारून बघावं. आणि तो हसला, तरी पुन्हा विचारावं.

आजकालची मुलं एकमेकांना शोना, बच्चा, पिल्लू, बेबी म्हणतात, त्यावर बरेच जण नाक मुरडतात, हे मराठी नाही म्हणतात. मला त्यात वावगं दिसत नाही. पिल्लू तर आपलंच आहे, पाखराच्या घरट्यातलं. बाकीची आली असतील बाहेरून, पण फोनवर अर्ध्या रात्री कुणी कुणाला ज्या आवाजात 'बच्चा' म्हणतं तो आवाज बाहेरून आणता येत नाही.

वडील त्या आजारातून उठले, घरी आले. त्यानंतर वर्षभरानं आत्या गेली. वडिलांना वश्या म्हणणारं कुणी उरलं नाही. एकदा संध्याकाळी ते अंगणात एकटेच बसले होते, मी चहा घेऊन गेले आणि वाटलं, आपण म्हणून बघावं. जिभेच्या टोकावर आलंही होतं. "अहो बाबा, चहा," असंच म्हणाले.

तर मीनाक्षी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. तो अपमान नव्हता, कारण त्या मित्रापाशी त्या नावामागची वर्षं होती. तू म्हटलं असतंस तर तो झाला असता, तुझ्या मनात कितीही आदर असला तरी. कधी म्हणायचं याचा नियम मला देता येत नाही. परवानगी मागून हे नाव मिळत नाही, कुणी ते देतही नाही. एक दिवस ते तोंडून निघतं आणि समोरचा चमकून बघत नाही, इतकंच.

वर्ग संपून सहा महिने झाल्यावर मीनाक्षीचा फोन आला. मराठीच बोलली, अडखळत पण न थांबता. म्हणाली, "बाई, एक शंका आहे. ऑफिसातल्या मैत्रिणी मला आज म्हणाल्या, 'मीने, येतेस ना गं?' हे 'मीने' म्हणजे कुठली विभक्ती?"

"संबोधन," मी म्हटलं.

"आणि मूळ शब्द?"

"मूळ शब्द तूच."

ती हसली. मग घाईघाईनं म्हणाली, "साहेबांना मी अजून प्रसाद सरच म्हणते हं."

"बरोबर करतेस," मी म्हटलं. "बरं, ठेवते गं मीने."

पलीकडून थोडा वेळ काही आवाजच आला नाही.